आतला सात, बाहेरचा दोन

कोथिंबिरीच्या सहा जुड्या, एस.टी.च्या टपावर, वाटेतच मान टाकलेल्या.

"सभापती मी, आन् मले बाविसावा नंबर? नर्सबाईले एक?"

बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात एकदा घेते, तेही बायका दार अडवतात म्हणून.

एक अर्ज. "तरी माझी बदली चिखली येथे व्हावी, ही विनंती." खाली तारीख, खोडलेली. तिच्यावर दुसरी तारीख. तीही खोडलेली.

अर्ध्या गालावर साबण.

हे सगळं एकाच माणसाच्या गळ्यात आलं. त्याचं नाव इंद्रभान. वय त्रेपन्न, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. देऊळगाव राजापासून दहा-बारा मैलांवरच्या एका बाजाराच्या गावात तो टेलिफोन एक्सचेंज चालवायचा. चालवायचा कसला, एक्सचेंज म्हणजे तोच. एक खोली, एक स्टूल, एक लाकडी बोर्ड. बोर्डावर बावीस फोनांची बावीस भोकं, प्रत्येकाखाली कोरलेला नंबर, प्रत्येकावर नखाएवढी पितळी झडप. गावात कुणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याची झडप पडायची. मग दोरीचं एक टोक त्या भोकात खुपसायचं, "नंबर?" विचारायचं, दुसरं टोक हव्या त्या भोकात. बोलणं संपलं की दोन्ही टोकं उपसायची. दिवसातून दीडशे वेळा. आठ वर्षं.

या आठ वर्षांत त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता.

अर्ज

घर उंद्रीला. तिथं त्याची बायको झुंबरबाई दीड एकराचा भाजीपाला एकटीनं करायची. वांगी, कोथिंबीर, मेथी. भाजी रोज तोडावी लागते. तिला रविवार नसतो. म्हणून ती इकडे येऊ शकत नव्हती. नोकरी इकडे, म्हणून तो तिकडे राहू शकत नव्हता. महिन्यातून दोनदा जायचा. मध्ये कधी ओळखीच्या कंडक्टरबरोबर ती कोथिंबीर पाठवायची. ती कशी पोचायची ते वर आलंच आहे.

दिवाळीनंतर झुंबरबाई विहिरीच्या पायरीवरून घसरली. हाड मोडलं नाही, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. शेजारच्या पोरीकडून तिनं कार्ड लिहून घेतलं: पाणी द्यायला माणूस मिळत नाही. यायचं तर आता या, नाही तर वावर पडीक टाकते.

चिखलीच्या एक्सचेंजात एक जागा रिकामी होणार होती. उंद्रीहून चिखलीला एस.टी.नं रोज येता-जाता येतं. इंद्रभाननं चौथ्यांदा अर्ज केला.

आणि १९६९ च्या जानेवारीत गावाला नवा बोर्ड आला. पन्नास भोकांचा, कोरा. बोर्डाबरोबर साहेब आले.

"कोणती तार कोणत्या भोकाला जोडायची, कुणाला कोणता नंबर, हे तुम्हीच ठरवा," साहेब म्हणाले. "गाव तुम्हाला ठाऊक. यादी छापून देऊळगावलाही जाईल. माझं एकच सांगणं. तक्रारीचा एकसुद्धा अर्ज माझ्या टेबलावर यायला नको. महिनाभर आला नाही, तर चिखलीची जागा तुमची. आला, तर बदलीच्या रांगेतला तुमच्या खालचा माणूस वर."

२२

साहेबांची जीप वळली नाही तोच उत्तमराव आले. पंचायत समितीचे सभापती. फोन सभापती झाल्यावर घेतला, म्हणून सगळ्यांच्या शेवटी, बावीस. जुना बोर्ड ज्या क्रमानं फोन आले त्या क्रमानं भरला होता. पहिला फोन दवाखान्यात बसला, म्हणून नर्स बेबीताई एक. बाविसाव्या नंबराचं ते बोलणं उत्तमरावांचंच.

"तसं नाही जी, ते सुरवातीपासून..."

"सुरवात आता होऊन राह्यली ना? कोरा बोर्ड हाय म्हणते. मंग लाव आकड्यानं. आकडा म्हणजे पाट असतो इंद्रभान, कोण कोठी बसते ते दिसते."

दुसऱ्या दिवशी रंगराव आला. कापसाचा मोठा व्यापारी. दुकानाचा नंबर सात.

"उत्तमरावले एक देऊन राह्यला म्हणे? देय. मले दोन पाह्यजे."

"दोन पुंजाजीचा हाय जी. जिनिंगचा. पहिल्यापासून."

"म्हणूनच त पाह्यजे."

पुंजाजीचाही कापसाचाच धंदा. रंगरावाशी त्याचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. आता हा येऊन डोकं फोडणार, म्हणून इंद्रभान दिवसभर दाराकडे पाहत राहिला. संध्याकाळी पुंजाजी आला, बाकावर ऐसपैस बसला, आणि म्हणाला, "देऊन टाक त्याले दोन."

इंद्रभानला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मंग तुमाले?"

"त्याचा सात देय मले. मोकळाच पडंन ना तो? मले चालते उष्टा."

एवढ्यावर भांडण मिटलं. इंद्रभाननं देवाचे आभार मानले आणि सातपुढे पुंजाजी लिहिलं. जालन्याच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत रंगरावाचा नंबर सात म्हणून लिहिलेला. ते सवयीनं सात मागणार, आणि रंगरावाचा कापूस पुंजाजीच्या कानात उतरणार, एवढा साधा डाव. थकलेल्या माणसाला तो दिसला नाही.

बाकीचे सगळे एकेक करून आले. कुणाला भावाच्या वर बसायचं होतं, कुणाला व्याह्याच्या. दवाखान्यातून कुणी आलं नाही, म्हणून बेबीताईला बावीस. यादी झाली. सगळे पुरुष खूश. इंद्रभाननं ती तीनदा तपासली आणि भिंतीवर चिकटवली. लाइनमन कडूबानं यादीप्रमाणे तारा जोडल्या.

७

सोमवार, सकाळी दहा. रंगरावाच्या घरची झडप पडली. घरून बोलणार ती मनकर्णाबाई, रंगरावाची बायको.

"सात द्या."

इंद्रभाननं सातात टोक खुपसलं, घंटी फिरवली, लागलं की नाही म्हणून क्षणभर कान ठेवला.

"ऐकलं का," मनकर्णाबाई सुरूच झाली. "जालन्याचे पाव्हणे आज दुपारीच येऊन राह्यले पोरीले पाह्यले. धुतलेलं धोतर नेसा. आन् त्या पुंजाजीचं कोणी दुकानात बसलं असंन त त्याच्यापुढं बोलू नका. मोडता घालीन मेला."

पलीकडे पुंजाजी होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं."

इंद्रभाननं दोन्ही टोकं उपसली. झडप लगेच पुन्हा पडली.

"काऊन तोडलं हो भाऊ? आन् ह्यांचा आवाज असा काऊन येऊन राह्यला?"

"बाई, सात बदलला. आता दुकान पाह्यजे असंन त दोन म्हणा."

"दोन? दोन म्हणजे त्या... त्या घरचा. सहा वर्षं झाली, दोन म्हटलं की तोंड फिरवतो आमी."

"आता तो नंबर रंगरावजींनी घेतला."

"घेतला असंन. आमाले कोणी इचारलं? बाप्या माणसाचं काय हो, ते नावानं मागतात. पुंजाजीले लाव, उत्तमरावले लाव. त्याइले नंबर लागतो कायले? आमी कसं मागाव? ह्यांचं नाव घेता येत नाही. सासऱ्याचं घेता येत नाही, आन् माझ्या जेठाचं आन् सभापतीचं नाव एकच, मंग सभापतीचंही नाही. आमी नंबरच म्हणतो. तोच आमचा आधार. आन् तोच तुमी बदलून बसले."

हे इंद्रभानला ठाऊक नव्हतं असं नाही. आठ वर्षं रोज ऐकत होता. पुरुष नाव सांगत, बायका नंबर सांगत. पण यादी करताना समोर बाकावर पुरुषच बसलेले, आणि त्यांना नंबर फक्त भिंतीवर पाहायचा होता.

"मी संध्याकाळी ह्यांच्या कानावर घालते," मनकर्णाबाई म्हणाली. "अर्ज करा म्हणते साहेबाले."

१

सकाळी दहा ते अकरा, एका तासात:

मारवाड्याच्या घरून: चार द्या. लागला भलताच. "अगंबाई," म्हणून ठेवला.

सोनाराच्या घरून: नऊ. नऊवर एक पुरुष "हॅलो हॅलो" करत राहिला. सोनारीण एक शब्द बोलली नाही. दोघांनी मिळून तीन मिनिटं काढली.

पाटलाच्या वाड्यातून, म्हाताऱ्या रुक्मिणीबाई: "एक द्या, लवकर!" एक म्हणजे दवाखाना, हे गावातल्या पोटुश्या बायांना पाठ. इंद्रभानचा हात भिंतीवरच्या यादीनं चालला आणि एकात गेला.

"सुनेच्या कळा सुरू झाल्या," म्हातारी ओरडली. "असशीन तशी निंघ, आन् हात धुऊन ये!"

पाच मिनिटांनी उत्तमराव सभापती एक्सचेंजच्या दारात उभे. अर्ध्या गालावर साबण, खांद्यावर टॉवेल. तोवर इंद्रभाननं बेबीताईला लावून दिलं होतं, ती पोचलीही होती.

"मी हात धुऊन येऊ?" उत्तमराव म्हणाले. "मी?"

"चूक झाली जी. नंबर परत बदलून देऊ का?"

"नंबर?" सभापती एकदम थंड झाले. यादीकडे पाहिलं. पहिल्या ओळीत त्यांचं नाव होतं. "नाही, नाही. नंबर हाय तोच राहू देय. फक्त त्याच्यावर फोन नको येऊ देऊ."

ते साबण पुसत गेले. इंद्रभान दाराकडे पाहत राहिला. मग त्यानं कडूबाला बोलावणं पाठवलं.

"तारा काढ. सगळ्या. जुन्या बोर्डावर जशा होत्या तशा जोड."

कडूबानं तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "आन् हे?" त्यानं भिंतीवरच्या यादीकडे मान वळवली.

"ते राहू देय. ते पाह्यचं हाय, लावायचं नाही."

"साहेबाले समजलं त?"

"तू सांगशीन?"

"मले कोण इचारते," कडूबा म्हणाला, आणि बोर्डाच्या मागं शिरला. दुपारच्या जेवणाच्या वेळेत, गाव झोपलेलं असताना, बावीस तारा आपापल्या जुन्या जागी गेल्या.

दुपारी तीनला मनकर्णाबाईची झडप पडली. "दोन" म्हणायला तिनं बराच वेळ घेतला. शब्द येईना.

"सात म्हणा बाई," इंद्रभान म्हणाला. "जसं म्हणत होते तसंच म्हणा. आन् कोणाले सांगू नका."

"अर्ज नको मंग?"

"नको."

ट्रंक

त्या दिवसापासून गावात प्रत्येक फोनला दोन नंबर झाले. एक आतला, बोर्डावरचा, बायकांच्या तोंडातला. एक बाहेरचा, यादीवरचा, पुरुषांच्या डोळ्यांतला. इंद्रभान झडप पाहून ठरवायचा. गावातली झडप पडली आणि नंबर सांगितला, तर तो बोर्डावरचा. गावातून नाव सांगितलं, तर नंबराचा प्रश्नच नाही. बाहेरगावची, देऊळगावची ट्रंक लाइन वाजली, तर नंबर यादीवरचा. तो मनात उलटा करून घ्यायचा. दोन म्हणजे सात. सात म्हणजे दोन. एक म्हणजे बावीस.

देऊळगावच्या ट्रंक बोर्डावर निवृत्ती बसायचा. आठ वर्षं दोघं रोज बोलत होते; भेट एकदाही नव्हती.

"दोन देय," निवृत्ती म्हणायचा. "जालना बोलून राह्यलं."

दोन. रंगराव. सात. इंद्रभान सातात टोक घालायचा.

"तू पह्यले पटकन लावत होता बे. आता मध्ये जप करतो का?"

"वय झालं."

"सात पाह्यजे एकाले. कापसाचा हाय."

"नंबर सोड. माणूस कोण पाह्यजे ते इचार."

थोडा वेळ खरखर. "रंगराव म्हणते."

"मंग रंगरावच लावतो."

असा पुंजाजीचा डाव न खेळताच बुडाला. सात घेऊनही रंगरावाचं एक गिऱ्हाईक आलं नाही. पुंजाजी एकदा येऊन बाकावर बसला, यादी पाहिली, सातपुढे आपलं नाव वाचलं, आणि कशाची तक्रार करावी ते न सुचून उठून गेला. रंगरावाच्या पोरीचं जालन्याला जमलं. पुंजाजीनं मोडता घातला नाही. "बरं" म्हणून तो बांधला गेला असावा.

महिना गेला. एकही अर्ज नाही. पण इंद्रभान जेवताना घास हातात घेऊन थांबायचा. चौदा म्हणजे नऊ. नऊ म्हणजे अठरा. अठरा म्हणजे... भाकरी गार व्हायची. पूर्वी थकायचा तो खांदा. आता डोक्याच्या मागं, मानेच्या वर, एक जागा दिवसभर जड असायची, ओल्या पोत्यासारखी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात साहेबांची सही आली. बदली, चिखली. सोमवारी हजर व्हावे. चार्ज कचरू यांना द्यावा.

चार्ज

कचरू शनिवारी सकाळी आला. तिशीचा, केसांना तेल, हातात ट्रेनिंगची वही. माणूस चांगला होता. आल्या आल्या बोर्डावरची धूळ पुसली.

इंद्रभानची वळकटी दाराशी बांधून ठेवलेली. साडेअकराची गाडी. झुंबरबाईला कार्ड गेलेलं: शनिवारी येतो, कायमचा.

"चहा घेता का आधी?" इंद्रभाननं विचारलं. त्याला सांगायचं कुठून सुरू करावं ते कळत नव्हतं.

"आधी चार्ज. यादी हाय, बोर्ड हाय. अजून काय असते?"

इंद्रभाननं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ट्रंक वाजली. कचरू स्टुलावर बसला, ऐटीत टोक लावलं. "नंबर?"

"दोन देय," निवृत्ती पलीकडून. "जालना. अर्जंट."

कचरूनं दोनात टोक घातलं. दोनात पुंजाजीचं जिनिंग. इंद्रभान उभ्या उभ्या पाहत राहिला. त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. बाहेर फाट्यावर हॉर्न वाजला, पण ती दुसरी गाडी होती. आत पुंजाजीचा आवाज चढत होता: "हाव, हाव, मीच बोलतो, किती गाड्या पाठवू? हो, रंगरावच..."

इंद्रभाननं टोक उपसलं.

"अरे, काय करता?" कचरू उठला.

"तो दोन नाही. म्हणजे दोनच हाय. पण बाहेरून दोन म्हटलं की सातात घाला लागते."

"आन् आतून सात म्हटलं त?"

"आतून सात म्हटलं त सातातच."

"आन् आतून दोन?"

"आतून दोन फक्त बायाच म्हणतात. त्याइले पुंजाजीच पाह्यजे असतो. म्हणजे त्याच्या घरच्याइले."

कचरूनं यादी पाहिली, बोर्ड पाहिला, मग इंद्रभानकडे पाहिलं. वही मिटली.

"हे कोठी लिहून हाय?"

"कोठीच नाही."

"मंग लिहून द्या. बावीसचे बावीस. मी समोर ठेवून काम करतो."

"लिहिलं की कोणी तरी वाचते, भाऊ. उत्तमराव रोज येतात यादी पाह्यले. आपण एक नाही, बावीसच हाव, हे सभापतीले समजलं की अर्ज गेलाच. साहेबानं माझी बदली अर्ज नाही म्हणून केली."

"मंग तारा यादीपरमानं जोडून द्या."

"मंग बाया अर्ज देतात. आन् बाळंतपणाचा फोन सभापतीच्या घरी जाते."

"मंग पाठ करा म्हणता मले? दोन-दोन आकडे, बावीस माणसाइचे, कोण बोलून राह्यलं ते आवाजावरून वळखून?" कचरूचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी ट्रेनिंग घेतलं काका. उद्या चूक झाली त माझी नोकरी नवी हाय. बोर्ड यादीपरमानं नाही म्हणून वर लिहिलं त तुमी जासान. नाही लिहिलं आन् चार्ज घेतला, त मी जाईन. मी एक करतो. आजारी म्हणून लिहून देतो, हजरच झालो नाही. बाकी मले काही दिसलं नाही."

"दोन दिवस बसा. मी शिकवतो. रविवार हाय."

"तुमाले किती दिवस लागले?"

इंद्रभान आठवू लागला. महिना झाला, आणि अजून जेवताना घास थांबत होता.

"आठ वर्षं," तो म्हणाला.

कचरूनं त्याच्या पायाला हात लावला, खरोखर लावला, आणि साडेअकराच्याच गाडीनं परत गेला. गाडीत एक जागा रिकामी होती, ती देऊळगावपर्यंत रिकामीच गेली. इंद्रभान दारात उभा राहून ती पाहत होता. धूळ बसली. मग वळकटी उचलून त्यानं परत कोपऱ्यात ठेवली. सोडली मात्र नाही.

चिखलीला मंगळवारी रांगेतला खालचा माणूस हजर झाला. साहेबांनी लिहिलं: चार्ज न दिल्यामुळे आदेश रद्द. इंद्रभाननं ते वाचलं, आणि झुंबरबाईला कार्ड लिहिलं. एकच ओळ. वावराचं तू ठरव. मग ती एक ओळही त्याला जास्त वाटली. पण कार्ड खोडून पाठवता येत नाही, म्हणून तशीच टाकली.

दुपारी मनकर्णाबाईची झडप पडली.

"तुमी शनवारी जाणार होते ना भाऊ?"

"हाव बाई."

"मंग?"

"राह्यलो."

"बरं झालं हो. नवीन माणसापुढं मले त बोलणंच सुचलं नसतं." मग थोडं थांबून, "घरचे रागावले असतीन."

इंद्रभान दोरीचं टोक हातात धरून बसला.

"सात द्या," मनकर्णाबाई म्हणाली.

त्यानं सात दिला.

जुन्या बोर्डावरून गावातला पहिला फोन इंद्रभाननंच लावला होता, १९६० च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी, एक नंबरला. पलीकडून कोणी उचलला नाही.